सहीनंतर टिंबही हलणार नाही

आमच्या कारखान्यात प्लॅस्टिकची कार्डं छापली जायची. ओळखपत्रं, दुकानांची सवलतीची कार्डं, वाचनालयांची कार्डं. मी गरम प्रेसवर होतो. छापलेला पांढरा ताव, त्याच्या वर-खाली पारदर्शक पापुद्रा आणि बाहेरून पोलादी पत्रे, असा थर रचून प्रेसमध्ये घालायचा. उष्णतेने आणि दाबाने सगळं एकजीव होतं. पत्रे जड असतात, आणि त्यांवर बोट उमटलं तर ते कार्डावर उतरतं, म्हणून कडेने धरून उचलावे लागतात. कमरेची वाट लागते. कागदावरची चूक फाडून टाकता येते. प्लॅस्टिक एकदा चिकटलं की चिकटलं.

म्हणून माझ्या आधीचा माणूस महत्त्वाचा. तो संगणकावर बसून ग्राहकाचं चित्र छपाईसाठी तयार करायचा. त्याला आम्ही मिलिमीटर म्हणायचो.

ग्राहक जे पाठवायचे ते बहुधा कशाच्याही लायकीचं नसायचं. दुकानाच्या पाटीचा फोनवर काढलेला फोटो, त्यात काढणाऱ्याची सावली. मिलिमीटर ते बोधचिन्ह रेघ न् रेघ नव्याने काढायचा. पडद्यावर झळकणारे रंग छपाईच्या चार शायांत बसवायचा. रंग कार्डाच्या कडेबाहेर तीन मिलिमीटर वाढवून ठेवायचा, कारण कापताना पातं किंचित सरकतं आणि कडेला पांढरी रेघ राहते. आतल्या बाजूलाही तेवढीच जागा मोकळी, तिथे अक्षर नको. एका दवाखान्याच्या मालकाने आपलं नाव अगदी कडेला मागितलं.

"डॉक्टर, पातं सरकलं तर आडनाव जाईल."

डॉक्टरांनी विचार केला आणि भागीदाराचं नाव कडेला घ्यायला सांगितलं.

तीन मिलिमीटरपेक्षाही त्याची निष्ठा सहीवर होती. नमुना छापून द्यायचा, ग्राहकाने सही करायची, मग फाइलला कुलूप. सहीनंतर टिंबही हलणार नाही. हा नियम करण्याआधी बऱ्याच लोकांनी सहीनंतर तोंडी बदल सांगून नंतर हात वर केले होते, आणि खापर याच्या डोक्यावर फुटलं होतं. ते मी पाहिलं आहे. पण औषधाची मात्रा त्याने जरा जास्तच घेतली. त्याची बायको मला म्हणाली, "भाऊ, आमटीची चव बघून एकदा 'ठीक आहे' म्हणाले की जेवताना मीठ मागत नाहीत. अळणी गिळतात."

या बायकोचा भाऊ, म्हणजे मिलिमीटरचा मेहुणा, त्यांच्याच घरी बाहेरच्या खोलीत राहायचा. दिसायला भारदस्त, भरघोस मिशी, कामधंदा शून्य. ओळखपत्राच्या नमुन्यात कोणाचा तरी फोटो घालावा लागतो. बायको म्हणाली, "आमच्या दादाचा घाला. घरबसल्या कुणाच्या तरी उपयोगी पडू दे." तेव्हापासून मेहुणा प्रत्येक नमुन्यावर झळकू लागला. कधी परिचारिका, कधी मुख्याध्यापक, कधी पोहण्याच्या तलावाचा सभासद.

मग पंप बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचं काम आलं. सगळ्या कर्मचाऱ्यांची नवी ओळखपत्रं. कंपनीच्या अधिकाऱ्याने नमुने परत पाठवण्याचा सपाटा लावला. निळा जास्त निळा आहे. बोधचिन्ह डावीकडे घ्या. उजवीकडे घ्या. मागच्या बाजूला सूचना हवी: कार्डावरील चेहरा व कार्डधारक यांची खात्री झाल्याखेरीज प्रवेश नाही. होती तिथेच ठेवा, पण ठळक करा. शेवटी तो नमुन्याला कंटाळला.

मिलिमीटरने फोन करून विचारलं, "साहेब, फोटो कधी पाठवताय?"

"हे बघा, आता मला काही विचारू नका. सही केली आहे. जसं दिसतंय तसंच छापा. एक टिंब इकडचं तिकडे झालं तर काम परत."

मिलिमीटरने फोन ठेवला आणि फाइलला कुलूप लावलं.

ताव माझ्याकडे आले. नावं वेगवेगळी, हुद्दे वेगवेगळे, चेहरा एकच.

मी म्हणालो, "अरे, सगळीकडे तुझा मेहुणा आहे."

"सही आहे."

"लेखा विभागातल्या बाईंना मिशी आहे."

"सहीच्या वेळीही होती."

मी मालकाला जाऊन सांगितलं. मालक सहीकडे बघून म्हणाले, "मोठी कंपनी आहे, काहीतरी विचार केला असेल." मी पत्रे उचलले.

कंपनीत जुनी कार्डं आदल्या दिवशीच गोळा करून त्यांचे तुकडे केले होते. नवी सकाळी गेटवर वाटली. गेटवरचा वॉचमन मागची सूचना वाचणारा निघाला. त्याने पहिलं कार्ड पाहिलं, माणूस पाहिला, आणि गेट लावून घेतलं.

तासाभरात आमच्याकडे फोन आला. मालकांनी मिलिमीटरला गाडीत घातलं, ताव प्रेसमध्ये घालणारा साक्षीदार म्हणून मलाही. वॉचमनचं म्हणणं होतं की ज्याचा चेहरा आहे त्याला आणा, म्हणून वाटेत मेहुण्यालाही झोपेतून उठवून घेतलं.

गाडीत मालक म्हणाले, "संध्याकाळपर्यंत नवी कार्डं गेली नाहीत, तर उद्यापासून तुम्ही येऊ नका."

मिलिमीटर खिडकीबाहेर बघत होता. चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढणाऱ्या या वयात त्याला दुसरीकडे कोणी उभं करणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"छापतो," तो म्हणाला. "फोटो द्या. आणि नव्या नमुन्यावर सही."

गेटबाहेर अख्खी कंपनी उभी होती. मोठे साहेबसुद्धा, डब्याची पिशवी हातात घेऊन. मेहुणा गाडीतून उतरताच गर्दी बाजूला झाली. वॉचमनने त्याचा चेहरा पाहिला, कार्ड पाहिलं, आणि कडक सलाम ठोकून गेट उघडलं.

"अहो, पण तो आमचा नाही," अधिकारी म्हणाला.

"जुळतोय," वॉचमन म्हणाला.

मग जे झालं ते कोणी ठरवलं नव्हतं. कोणाचं तरी औषध आत होतं. मेहुण्याने त्या माणसाचं कार्ड घेतलं, आत जाऊन औषध आणलं. भट्टी पेटवायची वेळ झाली होती. भट्टीवाल्याने कुंपणातून ओरडून कृती सांगितली आणि मेहुण्याने ती पेटवली. लेखा विभागातल्या बाईंच्या कार्डावर जाऊन त्याने त्यांचं कपाट उघडलं. दर खेपेला वॉचमन चेहरा बघायचा आणि सलाम करायचा. दुपारपर्यंत हजेरीच्या यंत्रात सगळा कारखाना हजर होता.

"भावोजी," मेहुणा घाम पुसत म्हणाला, "आयुष्यात इतकं काम केलं नव्हतं."

"दिसतंय," मिलिमीटर म्हणाला. कर्मचाऱ्यांनी फोनवर एकमेकांचे फोटो काढून दिले होते. सोबत आणलेला छोटा संगणक गाडीच्या टपावर ठेवून तो ते कार्डात बसवत होता. आमच्या माणसाने कारखान्यातून नमुना छापून आणला. आता फक्त सही.

अधिकाऱ्याने पेन काढलं आणि थांबला. कंपनीचा नियम होता की सही कचेरीत बसूनच करायची. बाहेर केलेली धरत नाहीत.

"मेहुण्याला पाठवा," मालक म्हणाले. "त्याच्याकडे तुमचं कार्ड आहेच."

मेहुणा आत गेला, अधिकाऱ्याच्या खुर्चीवर बसला, अधिकाऱ्याच्या नावाने सही करून बाहेर आला. मिलिमीटरने जुनी सही काढून शेजारी धरली.

"जुळत नाही."

मालकांनी डोक्याला हात लावला. "अहो, तुमचा सख्खा मेहुणा आहे. तुमची नोकरी आहे. छापा ना."

"सही जुळत नाही. छापणार नाही."

"मग घरी बसा."

मिलिमीटर संगणक बंद करू लागला. तार गुंडाळताना त्याने एकही पीळ पडू दिला नाही. वॉचमन हे सगळं ऐकत होता. तो पहिल्यांदाच गेट सोडून पुढे आला.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "जुळायला पाहिजे."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले, जन्मात पहिल्यांदा शहाणा माणूस भेटल्यासारखे.

मिलिमीटरने विचारलं, "तुमच्याकडे पाहुण्यांसाठी कार्डं आहेत ना? मीच केली आहेत. त्यांवर फोटो नाही."

"आहेत. पण पाहुण्याबरोबर आतला माणूस लागतो. चेहरा जुळलेला."

सगळ्यांनी मेहुण्याकडे पाहिलं.

अशा रीतीने अधिकारी स्वतःच्या कंपनीत पाहुणा म्हणून शिरला. मेहुणा पुढे, तो मागे. वॉचमनने येण्याचं कारण विचारलं. अधिकाऱ्याने "सही" असं सांगितलं. त्याच्यामागून मिलिमीटर, मालक आणि मी, आम्हीही पाहुणेच. मोठ्या साहेबांनी आपली पाळी येईपर्यंत गेटबाहेर डबा खाल्ला.

कचेरीत अधिकारी आपल्या खुर्चीवर बसला आणि नमुना बघू लागला. या वेळी त्याने प्रत्येक चेहरा पाहिला. नावाशी जुळवला. एका चेहऱ्यापाशी अडकला. तो त्याचाच होता.

"माझे कान असे आहेत?"

"फोटोत असेच आहेत, साहेब."

"थोडे लहान करता येतील?"

मालकांनी डोळे मिटले. खाली भट्टी धडधडत होती, ती कोणी बघायची हा प्रश्न होताच.

"येतील," मिलिमीटर म्हणाला. "पण आत्ता सांगा. मग गेटवर तुमचे खरे कान कार्डाशी जुळणार नाहीत, ते तुम्ही आणि वॉचमन बघून घ्या. आणि सहीनंतर मी कान परत मोठे करणार नाही."

अधिकाऱ्याने पेन टेबलावर ठेवलं. एक हात कानाला लावला, मग दुसरा. मेहुणा दारात उभा होता, कारण त्याच्याशिवाय आम्हाला तिथे बसताही येत नव्हतं.

"राहू द्या," अधिकारी म्हणाला, आणि सही केली.

मिलिमीटरने सही जुन्या सहीशेजारी धरली. बराच वेळ पाहिली. मग फाइलला कुलूप लावलं.

मालक मला म्हणाले, "प्रेस तापायला किती वेळ लागेल?"

"आपण इथून बाहेर पडू तेव्हापासून मोजा," मी म्हणालो. आम्ही तिघे पाहुणे बाहेर पडायला मेहुण्याच्या मागे उभे राहिलो. मेहुणा म्हणाला, "जरा थांबा, भट्टी बघून येतो."