रापणीतली हाक

मालवणच्या किनाऱ्यावर रोज सकाळी तो मला रापण ओढताना दिसतो. समुद्रात अर्धगोल पसरलेलं जाळं माणसांच्या दोन रांगा दोन टोकांनी ओढतात, आणि "सरका रे!" अशी हाक आली की दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात. तिशीतला हा माणूस हाक आली की आधी स्वतःच्या पायांवर ओरडतो, "सरक!" आणि मगच सरकतो. शेजारचे हसतात. तो हसत नाही.

एकदा मी विचारलंच. दोराने सोललेले तळवे खाऱ्या पाण्यात बुडवत तो म्हणाला, "गोव्याक कामाक आसताना गांजो ओढूक लागलंय. हंय येवनय सोडूक नाय. एकदा हाक आयकलंय, पण पाय वेळार हललो नाय. जाळा वाकडा झाला, सगळ्यांचो बांगडो भायर गेलो. डॉक्टर म्हणालो, गांजान मेंदवाच्या एका भागाचो निरोप दुसऱ्याक नीट पोचत नसतलो."

"मग?"

"गांजो सोडलंय. निरोप पोचणा नाय, तर मी बोंब मारून पोचवतंय!"

काल हाक आली, तेव्हा त्याचा पाय आपसूक सरकला. तो क्षणभर पायाकडे बघत राहिला.

तरी तो ओरडलाच.