तुटली तरी न मारणारी दोरी

चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढणं हे काम लोकांना वाटतं तेवढं रुबाबदार नाही. अर्धा वेळ गुडघ्यांवर बसून चाकाखालची माती उकरण्यात जातो आणि उरलेला गाडीच्या मालकाला गप्प करण्यात. तारकाका ही दोन्ही कामं तीस वर्षं करत आला होता. त्याच्या जुन्या जीपच्या पुढच्या बंपरवर विंच बसवलेली होती. विंच म्हणजे मोटरवर फिरणारं दणकट रीळ, आणि त्यावर गुंडाळलेली पोलादी तार. तारेचं टोक रुतलेल्या गाडीला अडकवायचं, बटण दाबायचं, की गाडी मुकाट्याने बाहेर येते. सांगायला एवढंच आहे. डोंगरातल्या रस्त्यावर कुणाची गाडी कडेला गेली की पहिला फोन त्यालाच जायचा, म्हणून तो सगळ्यांचा तारकाका. त्याचं खरं नाव विचारलं असतं तर त्याच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागलं असतं.

त्याचे तळहात बघण्यासारखे होते. पोलादी तार जुनी झाली की तिचे बारीक धागे तुटून कुसळांसारखे वर येतात आणि हातात घुसतात. हातमोजे घालायचा त्याला कायमचा कंटाळा. कातडी इतकी निबर झाली होती की कुसळ घुसलेलं त्याला रक्त दिसल्यावरच कळायचं. "माझ्या पाठीवरून हात तेवढा फिरवू नका," बायको म्हणायची, "साल निघतं."

एरवी गबाळा माणूस, पण एका बाबतीत तो कुणाचं ऐकत नसे. तार ताणली जाण्याआधी तिच्यावर मधोमध ओलं पोतं टाकायचं, आणि सगळ्यांनी लांब व्हायचं. ताणलेली पोलादी तार तुटली की उलटी फिरते. ती येताना दिसत नाही, नुसता आवाज येतो. पोत्याच्या वजनाने ती खाली पडावी, म्हणून पोतं. गाडीचा मालक कितीही घाई करू दे, पोत्याशिवाय तारकाका बटणाला हात लावत नसे.

अकरा वर्षांपूर्वी त्या दिवशीही पोतं टाकलं होतं. हूक लावायचं काम त्याच्या धाकट्या भावाकडे असायचं. तो हूक लावून दहा पावलं बाजूलाही झाला होता. तार तुटली, पोतं भिरकावून आडवी फिरली आणि भावाच्या उजव्या मांडीत बसली. पाय काढावा लागला.

त्याच्या महिनाभर आधीची एक गोष्ट तारकाकाने कुणालाच सांगितली नव्हती. धाकट्याने कुणाच्या तरी जीपवर नव्या प्रकारची दोरी पाहिली होती, नायलॉनसारखी दिसणारी, पण पोलादाइतकी ओढणारी. "दादा, आपणही घेऊ या ना," तो म्हणाला होता. "तार चढावर वाहून नेताना खांदा मोडतो. ती म्हणे एका हाताने उचलता येते." तारकाका हसला होता. "दोरीने गाडी ओढायची? आधी तिच्यावर कपडे वाळत घालून बघ." धाकटाही हसला, आणि विषय संपला.

दवाखान्यात धाकटा शुद्धीवर आला तेव्हा तारकाका त्याच्या उशाशी बसून म्हणाला, "कुठलीही असती तरी हेच झालं असतं रे." धाकटा छताकडे बघत म्हणाला, "हो दादा."

त्या एका वाक्यावर पुढे सगळं घर चाललं. धाकटा पुढच्या खोलीत बसून पंख्यांच्या मोटरींना तांब्याची तार भरायला शिकला, आणि त्या कामात त्याचा हात असा बसला की लोक लांबून पंखे घेऊन यायचे. दोघे भाऊ एकाच ताटलीत चहाची बिस्किटं ठेवून खायचे. एका शब्दाने तक्रार नाही. मधल्या काळात गिऱ्हाइकं सांगायची, "काका, ती दोरी तुटली तर जागच्या जागी पडते म्हणे. मारत नाही." तारकाका तिथून उठून जायचा. "विकणारे काय वाटेल ते सांगतात," एवढं पुटपुटायचा. लोक त्याला हेकट म्हणत. हेकट कसला, तो घाबरलेला होता. कारण ते खरं असेल, तर पोतं टाकूनही भावाचा पाय त्यानेच घालवला होता.

या वर्षी त्याची कंबर धरली. तारेचं वेटोळं उचलणं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. मग लेकीने पुढाकार घेतला. ती एका गॅरेजमध्ये फिटर होती आणि हट्टाच्या बाबतीत बापाची अस्सल लेक. एका सुट्टीच्या दिवशी तिने विंचवरची तार उतरवून थेट भंगारात देऊन टाकली आणि करड्या रंगाची नवी दोरी आणून बसवली. "पण बाबा, हे रोलर बघा," ती म्हणाली. दोरी ज्या दोन लोखंडी रोलरमधून बाहेर येते, त्यांना जुन्या तारेने चरे पाडले होते. "यांना धारा निघाल्यात. तारेला चालायचं, दोरीला नाही चालणार. नवे येईपर्यंत नीट घासून घ्या."

तारकाकाने दोन तास कानस चालवली. मग रोलरवरून तळहात फिरवला. गुळगुळीत लागला. पुन्हा फिरवला, पुन्हा गुळगुळीत. त्या हाताला काय कळणार होतं? जिथे कुसळ घुसलेलं समजत नव्हतं, तिथे केसाएवढी धार कशी समजणार? पण माणूस आयुष्यभर ज्या हातावर विसंबला, त्याच्यावर शंका कशी घेईल.

दोन दिवसांनी फोन आला. ओढ्याच्या पात्रात एक पिकअप रुतली होती. तारकाका जीप काढत होता तोच कुबड्यांचा आवाज आला. "मीही येतो," धाकटा म्हणाला. "बघू दे ती दोरी." अकरा वर्षांत तो कधी आला नव्हता. तारकाकाने पुढच्या सीटवरचं सामान मागे टाकून त्याला शेजारी जागा करून दिली.

ओढ्यावर पोचल्यावर धाकट्याने हूक हातात घेतला, दोरी खांद्यावर टाकली आणि कुबड्या टेकत चिखलातून थेट पिकअपपर्यंत गेला. "अरे, हिला वजनच नाही की!" तो ओरडला. इतक्या वर्षांत तारकाकाने त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. हूक लावून धाकटा बाजूला झाला. "अजून मागे हो," तारकाका म्हणाला, "अजून." सवयीने त्याने दोरीवर पोतं टाकलं. पिकअपचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर बसला. तारकाकाने बटण दाबलं.

पिकअप वीतभर हलली. रोलरपाशी दोरीचे धागे पिंजू लागलेले तारकाकाला दिसले, आणि बटण सोडेपर्यंत ती तुटली. टप्प, एवढाच आवाज. दोरी चिखलात पडली आणि पडूनच राहिली. पोतंसुद्धा तिच्यावरून हललं नाही.

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "काका, वाचलो म्हणायचं!"

तारकाका जागचा हलला नाही. धाकटा हळूहळू आला, वाकला आणि तुटलेलं टोक त्याने उचललं. पिंजलेले धागे त्याने मोटर भरणाऱ्या सवयीच्या बोटांनी वेगळे केले, पुन्हा एकत्र केले.

"माझ्याच हाताने झालं," तारकाका म्हणाला. "रोलर नीट घासला नाही मी. आणि तेव्हाही मीच... तू म्हणाला होतास, मी हसलो. शिवी दे रे मला. एक तरी दे."

"मी वजनासाठी म्हणालो होतो," धाकटा म्हणाला. "तुटल्यावर ती अशी पडते, हे मला कुठे माहीत होतं?"

"मला लोक सांगायचे. मी ऐकून घेत नव्हतो."

धाकट्याने टोक हातातून सोडलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर तारकाकाने तो हात जोडून घेतला असता.

"कुठलीही असती तरी हेच झालं असतं, असं तू म्हणालास," धाकटा म्हणाला. "तुला वाटतं, त्या बोलण्यावर तू एकटाच जगलास? मी रोज सकाळी तेच म्हणून उठत होतो, दादा. तू ही दोरी आणू द्यायला नको होतीस."

तो कुबड्या टेकत जीपकडे गेला, आणि पुढच्या सीटवर न बसता मागे जाऊन बसला.