फॉरमॅट मारायच्या आधी

मंडळी, ‘फॉरमॅट मार’ म्हणायच्या आधी आत काय आहे ते तुम्ही कधी बघता का? आमच्या रोह्यात कॉम्प्युटर कशानेही बंद पडो, गिऱ्हाईक हेच म्हणत माझ्या रिपेरिंगच्या दुकानात शिरतं.

आज नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या नसीमचाची जुना लॅपटॉप घेऊन आल्या. चाचा कुवेतला असतात, लॅपटॉप त्यांचा.

“फॉरमॅट मार, आत काय नाय. आणि घरी नेट धड नाय, अपडेट इथंच भरून दे.”

म्हणून सगळे नवे अपडेट आधीच घातलेली लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टीमची, डिस्क बनवली. अशा डिस्कवरून काही न पुसता मशीन चालू करता येतं. तसं करून आत डोकावलो, तर चाचींच्या नावाचा फोल्डर! दर सुट्टीला चाचांनी मागून गुपचूप काढलेले व्हिडिओ. सगळ्यांत चाची चुलीपुढे भाकरी थापतायत.

चाची बघतच राहिल्या. मग तिथूनच चाचांना फोन लावला, स्पीकरवर.

“माझी भाकरी जाड होते म्हणता ना? मग चोरून शूटिंग कशाला केलंत?”



“माझ्या फोनमध्ये पण हायत ते,” चाचा म्हणाले. “इथं जेवताना लावतो.”