गोफणीचा दगड

मोताळ्याकडच्या आमच्या गावात सगळ्यांनी बीटी कपाशी धरली आणि ज्वारी संपली. ज्वारी नाही म्हणून पाखरं नाहीत, पाखरं नाहीत म्हणून बाबांची गोफण वावरातल्या खोपीत टांगलेली. आई गेल्यापासून तेही तिथंच एकटे बसून असत.

मी दूरच्या शहरात, शत्रूचं क्षेपणास्त्र हवेतच पाडणारी क्षेपणास्त्रं बनवायचो. एका दिवाळीत खोपीत बसलो असताना बाबांनी विचारलं, "त्यात बारूद किती असते?"

"बारूद नसतेच बाबा. नुसतं वेगानं जाऊन समोरच्यावर आदळते."

"मंग गोफणच हाये. लोकं उगाच तुले साहेब म्हनतात."

मला रागच आला. वेग, उंची, नेम, सगळं तावातावानं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अन् आदळल्यावर?"

"दोघाइचाही चुरा होते."

बाबांनी गोफण काढली, बाहेर येऊन दगड घातला आणि रिकाम्या आभाळात भिरकावला. तो कपाशीच्या पऱ्हाटीत पडल्याचा आवाज आला.

"माहा दगड आपल्याच वावरात पडते," ते म्हणाले. "तुहा काही वापस येत नाही."

सकाळीच मला निघायचं होतं. ते मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं.