पावडरच्या पिशवीतलं बियाणं

काही फेकायचं म्हटलं की माझ्या जिवावर येतं. हा गुण आईचा. चंद्रपूरला खाणीच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहत होतो तेव्हा ती साखरेच्या पुडीचा दोरासुद्धा गुंडाळून ठेवायची. पुढे ऐंशीच्या दशकात मी गडचिरोलीच्या जंगलातल्या एका उपकेंद्रात नर्स म्हणून गेले, आणि तिथे हा गुण चांगलाच फोफावला.

अशक्त मुलांसाठी आमच्याकडे मोठाल्या पिशव्यांमधून दूध पावडर यायची. बाहेरून तपकिरी कागदाचे तीन थर आणि आत जाड, पारदर्शक प्लॅस्टिकची दुसरी पिशवी. पावडर संपली की मी तळाची शिवण उसवून दोन्ही वेगळ्या करत असे. कागदाच्या पुड्या व्हायच्या गोळ्यांसाठी, रजिस्टरांना कव्हरं व्हायची, उरलेला कुडाच्या फटींवर खळीनं चिकटायचा. प्लॅस्टिक सोड्यानं धुऊन कुंपणावर वाळत घालायचं. कितीही धुवा, दुधाचा वास जायचा नाही आणि मुंग्या माग काढत यायच्याच. एक प्लॅस्टिक बाळंतिणीच्या खाली अंथरायला, बाकीची पावसात धानाच्या रोवणीला जाणाऱ्या बायकांना डोक्यावरून घ्यायला. पिशवी देताना सोबत उपदेशही मिळायचा. तो मी कुणी न मागताच द्यायचे.

गावात एक म्हातारी सुईण होती. सगळ्यांसारखी मीही तिला माय म्हणायचे, आणि दवाखान्याची म्हणून गावासारखी तीही मला बाई म्हणायची. बाळंतपणं आम्ही दोघी मिळून करायचो. घरात ती आणि तिची विधवा सून, आणि नाल्याकाठचं एका बांधीएवढं, म्हणजे एका खाचराएवढं, धानाचं शेत. त्यातलं थोडं धान बियाणं म्हणून बाजूला पडायचं. ते टिकलं तर पुढच्या वर्षी दोघींच्या ताटात भात.

हे बियाणं ती बांबूच्या, शेणानं लिंपलेल्या ढोलीत ठेवायची. एका वर्षी उंदरांनी आणि किड्यांनी त्यातलं निम्मं खाल्लं. मग काय, मी कामालाच लागले. पुढच्या हिवाळ्यात माझ्याकडची सगळ्यात चांगली पिशवी घेऊन तिच्या अंगणात हजर झाले. धान चटईवर पसरलेलं होतं. मायनं एक दाणा दाताखाली धरला आणि मान हलवली.

"अजून नरम हाय बाई. दोन दिस उनीत ठेवतो."

मला दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं गडचिरोलीला मीटिंगला जायचं होतं, आणि हे काम माझ्या हातून झालेलं मला बघायचं होतं. मी म्हणाले, "वाळलं ना माय! काऊन थांबून राह्यली? पिशवी दवाखान्याची हाय, पाण्याचा थेंब आत जात नाई."

शेतातल्या गोष्टीत तिनं माझं कधीच ऐकलं नसतं. पण दवाखान्यातल्या गोष्टीत ती ऐकायची, आणि पिशवी दवाखान्याची होती. तिनं धान भरलं. मी तोंडाला दोन घड्या घालून सुतळीनं गच्च बांधलं, आणि पुढचे पाच महिने जिथे जाईन तिथे ही गोष्ट सांगत सुटले.

थेंब आत गेला नाही हे खरंच. पण आतला ओलावाही बाहेर आला नाही.

मृगाच्या सुमाराला मायनं पिशवी उघडली. त्याच दुपारी ती दवाखान्याच्या दारात येऊन उभी राहिली आणि तिनं मूठ उघडली. दाणे काळे पडून एकमेकांना चिकटले होते, आंबूस वास येत होता. मी त्यातले बरे दिसणारे निवडून ओल्या फडक्यात बांधून ठेवले. चौथ्या दिवशी तिच्यासमोर उघडलं तर सगळ्यात मिळून तीन कोंब.

लाज वाटली. रागही आला, खरं तर स्वतःचाच, पण निघाला तिच्यावर. "तू काऊन ऐकलं माझं? तुले तर समजत होतं!"

ती म्हणाली, "तू दवाखान्याची बाई हाय ना."

 

पेरणीआधी त्या गावात बियाण्याचा पंडुम, म्हणजे सण असायचा. प्रत्येक घर पानाच्या द्रोणात आपलं बियाणं आणायचं. गायता, म्हणजे गावचा पुजारी, सगळ्यांचं एकत्र करायचा आणि त्यातलं मूठमूठ प्रत्येकाला परत द्यायचा. त्याआधी कुणी पेरायचं नाही. त्या वर्षी मायच्या हातात द्रोण नव्हता. काखेत घडी केलेली तीच पिशवी होती, स्वच्छ धुतलेली.

मी उठून उभी राहिले आणि सांगितलं, की चूक माझी आहे, माय थांब म्हणत होती, घाई मी केली. मायच्या सुनेनं ते गावच्या माडिया बोलीत सांगितलं. कुणी रागावलं नाही. दोन-चार जण हसले. गायत्यानं हातानं खूण केली. मायनं पिशवीचं तोंड उघडून धरलं आणि एकेक घर उठून पेरणीसाठी सोबत आणलेल्या टोपलीतलं धान त्यात ओतू लागलं. कुणी पसाभर, कुणी दोन पसे. सगळी घरं झाली. मग काही माणसं सहज माझ्याकडे बघू लागली. बाईचंही गावात घर होतं. पण त्या घरात बियाणं नव्हतं, पिशव्याच होत्या. 

मायचं शेत पेरलं गेलं, थोडं उशिरा, पण पेरलं गेलं. पुढच्या हिवाळ्यात तिनं धान पुन्हा ढोलीतच भरलं. पिशवी कापून वर नुसती पसरली, छपराचं पाणी ठिबकू नये म्हणून. भरायच्या आधी मला बोलावून तिनं एक दाणा माझ्या तळहातावर ठेवला.

"चाव," म्हणाली.

दाणा कट्‌कन तुटला. मग चटईच्या कडेचा दुसरा दिला. तो दाताखाली दबला.

त्यानंतर मी तिथे होते तोवर दर हिवाळ्यात गावातल्या बायका बियाणं भरायच्या आधी मला मुद्दाम हाक मारायच्या, "बाई, दाणा चावाले ये!" आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. मी जायचे. नीट चावून बघायचे, आणि जरा शंका आली की सांगायचे, "दोन दिस अजून."