चारीमेर पाणी

आमच्या गावाला बेट म्हटलं की सरकारी माणसाला राग येतो. पुलासाठी अर्ज केला तेव्हा कचेरीतून उत्तर आलं की उन्हाळ्यात तिथे रस्ता असतो, सबब हे बेट नाही. रस्ता असतो, हे खरं आहे. खालच्या अंगाचा बंधारा वैशाखात रिकामा झाला की तापी आणि नाला यांच्यामधला आमचा तुकडा दोन महिने भारतात परत येतो. मग पावसाळ्यात पूर आणि दिवाळीपासून बंधाऱ्याचा फुगवटा, म्हणजे उरलेले दहा महिने होडी. ‘सबब’ लिहिणारा त्या दहा महिन्यांत एकदाही फिरकला नाही.

पलीकडच्या सगळ्या जगाला आम्ही ‘थडी’ म्हणतो. किराणा थडीला, दवाखाना थडीला, मोबाईलची रेंजसुद्धा थडीची. एका घरातला मुलगा दुबईला आहे, त्याची आजी विचारणाऱ्याला सांगते, “नातू थडीले शे.”

मी मूळची धरणगावकडची, टँकरच्या गावची. आमच्याकडे मुलीसाठी स्थळ बघताना मुलगा पितो का हे नंतर विचारतात. आधी विचारतात, पाणी शे का? माझे वडील, म्हणजे आबा, चार माणसं घेऊन घर बघायला आले ते भर उन्हाळ्यात. जीप थेट दारात आली. स्लॅबचं घर पाहिलं, पपईचा बाग पाहिला आणि आबांनी तो प्रश्न विचारला. माझे सासरे शांतपणे म्हणाले, “पाणीना तं तोटाच नही. दिवायीनंतर चारीमेर पाणीच पाणी.”

आबांना वाटलं, पाटाचं पाणी. घरी येऊन आईला म्हणाले, पोरीनं नशीब काढलं.

लग्न मार्गशीर्षात झालं. दुसऱ्या दिवशी आमची जीप काठावर थांबली. मी विचारलं, घर कुठंय? नवरा म्हणाला, ते काय समोर. समोर पाणी होतं. होडीत आधी माझं लोखंडी कपाट चढवलं आणि होडी एका बाजूला कलली, तेव्हा मला दुसऱ्या बाजूला बसवलं. सासरी माझा पहिला उपयोग हा असा झाला. पाचव्या दिवशी आबा मला न्यायला आले आणि काठावरूनच शिव्या द्यायला लागले. सासरे अलीकडून ओरडले, “मी खोटं काय बोलनू?” आणि खरंच, ते एक अक्षर खोटं बोलले नव्हते. मला सासऱ्यांपेक्षा आबांचाच राग जास्त आला. पाणी हा शब्द कानावर पडला की टँकरच्या गावचा माणूस आंधळा होतो.

गाव वाईट नाही, हे मला मान्य करायला काही वर्षं लागली. माती अशी की पेरलेलं विसरलात तरी उगवतं. पपई, मिरची, कापूस, सगळं येतं आणि होडीतून थडीला जातं. येत नाहीत फक्त सुना. आमच्याकडे नवरीला बोहल्यावरून उतरल्यावर होडीत चढावं लागतं, ही बातमी आता आसपासच्या सगळ्या गावांत झाली आहे. मारुतीच्या पारावर संध्याकाळी तिशीपुढची बिनलग्नाची मंडळी बसते. त्या पिंपळावर पूर्वी मुंजा होता म्हणतात. खाली बसलेल्यांना पाहून तोच घाबरून गेला असावा.

त्या पारावर माझा दीरही बसायचा. चौतिशीचा. गावाच्या होडीचं डिझेल इंजिन तो चालवायचा. ते इंजिन माझ्या लग्नाच्याही आधीचं, हँडल मारून सुरू करायचं, आणि त्याचे नखरे फक्त दिराला कळायचे. अकरा मुलींकडून नकार आला तेव्हा सासूबाईंनी, ज्यांना मीही अक्काच म्हणते, सासऱ्यांच्या माघारी त्यांचाच जुना डाव काढला. पाहुण्यांना मे महिन्यात बोलवायचं. मला बजावलं, “तू उगी ऱ्हाय.”

पाहुणे आले. जीप दारात. मुलगी स्वतः आली होती, लांब शहरात, देवपुरात, एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करणारी. तिच्या काकांनी, नानांनी, पोह्यांचा पहिला घास घेतला आणि विचारलं, “पाणीनं कसं शे?”

अक्कांनी तोंड उघडलं. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. उगी राहायचं पक्कं ठरवलं होतं, पण काठावर उभे राहून शिव्या देणारे आबा डोळ्यांपुढे आले आणि माझी जीभ सुटली.

“पाणी शे नाना. ज्या वाटवर तुम्हनी जीप उनी, ती वाट दिवायीले दोन पुरुस पाणीमा जास.”

नानांचा घास तोंडातच राहिला. अक्का माझ्याकडे अशा बघत होत्या की पुरात आधी मलाच सोडतील. आता बोललेच होते, तर सगळंच सांगितलं. पुरात चार-चार दिवस कोणी येत नाही, जात नाही. माझी धाकटी होडीतच झाली. मी मधे झोपलेली, दोन बायकांनी लुगडं धरलेलं, आणि हा दीर होडी चालवत होता. मी गावभर ऐकू जाईल अशी ओरडत होते, पण यानं थडी लागेपर्यंत एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

मुलीनं त्याच्याकडे बघून विचारलं, “एकदाही नाही?”

त्याचे कान लाल झाले. “समोर पाणी दखनं पडस ना,” तो म्हणाला.

आठ दिवसांनी निरोप आला. मुलगा पसंत आहे, गाव नाही. लग्नानंतर देवपुरात राहायचं. तिच्या ओळखीनं इंजिन दुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये कामही बघून ठेवलं होतं. अक्का दोन दिवस “मना आंडोरनं लगीन जमनं” म्हणत पेढे वाटत फिरल्या, तिसऱ्या दिवशी गप्प झाल्या. दीर स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला, “वहिनी, काय करू?” मी म्हटलं, जा. लगेच म्हटलं. मला कुणी पाण्याचं असं आधी सांगितलं असतं तर मी इथे आलेच नसते, आणि हे त्याला सांगताना मला लाज वाटली नाही.

लग्न दिवाळीनंतर झालं. नवी सून पाच दिवस राहिली, पूजा झाली, आणि सहाव्या दिवशी आम्ही घरचे सगळे भांडीकुंडी घेऊन त्यांचा संसार मांडून द्यायला देवपुरात गेलो. सकाळी थडीपर्यंत होडी त्यानंच आणली होती. दुपारी जेवून आम्ही परतलो. होडी काठाला बांधलेली होती. अक्का नेहमीच्या जागी बसल्या, मी त्यांच्या शेजारी, पोरी पुढे, नवऱ्यानं दोर सोडला आणि तोही येऊन बसला.

आम्ही सगळे गप्पा मारत वाट बघत होतो. कसली, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. मग एकेक जण गप्प झाला आणि सगळ्यांनी मागे इंजिनाकडे पाहिलं.

“सून लेवाले गयतूत,” अक्का म्हणाल्या, “आंडोर दी उनूत.”

नवऱ्यानं हँडल मारलं. मी मारलं. दोन्ही पोरींनी मिळून मारलं. शेवटी नवऱ्यानं वल्हं उचललं, आणि होडी जागच्या जागी गोल फिरायला लागली. एरवी मी पोट धरून हसले असते. अक्कांनी माझा हात घट्ट धरला होता आणि मी मोठ्यानं रडत होते.