ग्रामसभा झालीच नाही, पण सही माझीच

आज सकाळी देवपूजा आटोपून लेकीला गावच्या आरोग्य उपकेंद्रात नेलं. तिला सातवा महिना आहे आणि पाय सुजलेत. नर्सताई म्हणाल्या, "काका, बीपीचं मशीन बंद आहे. गोंदियाला न्या."

तसाच संतापून सरपंचाकडे गेलो. कळलं, नव्या मशीनचा निधी देवळापुढच्या कमानीला वळवला.

"काऊन?" मी विचारलं.

"मले कायले विचारता भाऊ? ग्रामसभेचा ठराव आहे. हे पाहा, तुमचीच सही."

सही माझीच होती. मागे पंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन घरी आला होता आणि मी न वाचता सही केली. सभा भरलीच नव्हती. अर्ध्या गावानं असंच केलं.

दिल्ली-मुंबईच्या सरकारला आपण इथे ग्रुपवर रोज शिव्या घालतो. गावचं सरकार तर आपणच होतो ना? आणि देवानं कमान कधी मागितली? तुमच्या गावची ग्रामसभा खरंच भरते का, सांगा.

गोंदियात तपासलं तर लेकीचं बीपी वाढलेलं निघालं. गोळ्या सुरू झाल्या. लिहून द्यावं की गप्प बसावं, हा विचार परतीच्या वाटेवर चालूच होता. शेवटी पंचायतीत गेलो, 'सभा झाली नाही, मी घरी बसून सही केली' असं लिहून दिलं आणि पोच घेतली.